मिस्ड कॉल, प्रसाद जर्मनी

मी एकदा पोलिसांत जाऊन स्वतःचीच तक्रार केली आहे. प्यायलेलो नव्हतो, तापही नव्हता. आणि तीही जर्मनीच्या पोलिसांत, म्हणजे जिथे तक्रार शांतपणे, पूर्ण ऐकून घेतात. हसा, हसा. चहा गरम आहे तोवर हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं, मी आणि केतकी, वोल्फ्सबुर्गला राहत होतो. मी तिथल्या मोटारीच्या कंपनीत, गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला. तुम्ही वोल्फ्सबुर्ग पाहिलं नसेल तर काही बिघडलं नाही. एक कारखाना, एक कालवा, आणि कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या. नोव्हेंबर लागला की आकाश जे खाली येतं ते मार्चपर्यंत छपरावर बसून राहतं.

तिथल्या मूठभर मराठी मंडळींत माझी एक ख्याती होती. कुणाला गाडी निवडायची असली की आमच्यातल्या शिर्के नावाच्या एकाकडे जायचे, कुणाला मोबाइलचा करार करायचा असला की माझ्याकडे. आता जर्मनीतला मोबाइल करार म्हणजे काय ते सांगतो. दोन वर्षं बांधून घेतात. सोडायचा असेल तर संपण्याच्या तीन महिने आधी लेखी कळवायचं. त्याला कुंडिगुंग म्हणतात. एक दिवस उशीर झाला की आणखी एक वर्ष गळ्यात. आमच्यातला एकूण एक माणूस एकदा तरी ह्यात अडकलेला होता. मी सोडून. मी लोकांना घरी बोलावून, पोहे खायला घालून ह्यावर व्याख्यानं दिलेली आहेत.

मग कंपनीने मला दीड वर्षासाठी अमेरिकेला पाठवलं, मिशिगनला. निघायच्या आधी मी जर्मन करार अगदी वेळेत रद्द केला. तो रद्द झाल्याचं उत्तर आलं तेव्हा मला परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला होता. केतकी म्हणाली, "अरे, पण नंबर?"

"नंबराला काय सोनं लागलंय?" मी म्हणालो. "परत आल्यावर नवा घेऊ."

अमेरिकेत तर आणखीनच मजा. दुकानात गेलो तर भारीतला फोन जवळजवळ फुकट हातात ठेवला. का? तर दोन वर्षं त्याच कंपनीशी बांधलेले राहा. फोनच कुलूपबंद, दुसऱ्या कुणाचं सिमकार्ड त्यात चालत नाही. शिवाय आपल्याला कुणी फोन केला तरी मिनिटं आपलीच जायची. मी सगळं बारीक वाचलं, समजून घेतलं, आणि तिथल्या मराठी लोकांनाही समजावून सांगितलं. तो फोन जर्मनीत परत आणल्यावर त्याचा उपयोग फक्त घड्याळ म्हणून झाला, पण ते जाऊ दे.

आता बाबांचं. बाबा कराडला, एकटे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, रिटायर झाले, आणि मग आई गेली. जर्मनीला या म्हटलं की म्हणायचे, "तिथे मी बोलू कुणाशी?" तेव्हा आम्ही एक पद्धत बसवली होती. दुपारचं जेवण झालं की बाबांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, बास. माझ्याकडे तेव्हा सकाळ असायची, कॉफीची वेळ. फोन एकदा वाजून बंद झाला की समजायचं, बाबा जेवले, सगळं ठीक. मिस्ड कॉल आला नाही तर मी फोन करायचा. आणि लागोपाठ दोन-तीन आले तर काहीतरी गंभीर आहे, ताबडतोब फोन करायचा. बाबांचा फोन साधा, बटणांचा. त्यात मीच नाव घालून दिलं होतं, 'प्रसाद जर्मनी'. अमेरिकेत असताना वेळा जुळेनात म्हणून मीच रोज करायचो. परत आल्यावर त्यांना सांगितलं, "बाबा, आता पुन्हा आपली जुनी पद्धत. नवा नंबर मेसेज केलाय."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्ड कॉल नाही. मी फोन केला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो की. मिस्ड कॉल दिला."

"आला नाही."

"अरे, मी दिला की. जर्मनीला."

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. आता तुमच्यासारखा साधा माणूस काय करेल? बाबांना विचारेल, कुठल्या नंबरला देताय. पण मी साधा माणूस नव्हतो, मी तज्ज्ञ होतो. मी निदान केलं की नेटवर्कमध्ये दोष आहे. परदेशातून आलेली एकच रिंग ही कंपनी गिळते आहे. तडक दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण पोरगी होती.

"वडिलांनी फोन केला होता ह्याची खात्री आहे?" तिने विचारलं.

"शंभर टक्के."

"कोणत्या नंबरला?"

"जर्मनीतल्या."

"जर्मनीतल्या कोणत्या?"

"जर्मनी आता एकच आहे ना?" मी म्हणालो. स्वतःच्या ह्या विनोदावर मी इतका खूष होतो की तिने बरोबर तोच प्रश्न विचारला होता जो विचारायला हवा होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ती "आल्झो...", म्हणजे "बरं, तर मग...", एवढंच म्हणाली आणि नेटवर्ककडे तक्रार नोंदवते म्हणाली.

पुढच्या आठवड्यापासून नवीनच प्रकार. मिस्ड कॉल नाहीच, पण मी फोन करावा तर बाबांचा फोन एंगेज. दहा मिनिटांनी एंगेज, अर्ध्या तासाने एंगेज. ऑफिसमध्ये टेस्ट बेंचसमोर उभा राहून मी नुसता रीडायल करत राहायचो. शेवटी लागला की बाबा म्हणायचे, "अरे, जेवण झालं, पडतो आता जरा." आवाज मात्र झोपेचा नसायचा. आई गेल्यापासून बाबांचा आवाज एकसुरी झाला होता, बातम्या वाचल्यासारखा. आता त्यात काहीतरी वर-खाली होत होतं. मला ते बरं वाटायला हवं होतं. मला संशय आला.

शेजारी माने काकू. बाबांचा डबा त्याच पाठवायच्या. त्यांना फोन केला.

"काकू, बाबांचा फोन दुपारी एंगेज का असतो?"

काकू थोड्या घुटमळल्या. "मी सांगणार नव्हते रे. पण रोज दुपारी त्यांना फोन येतो. बाईचा आहे. इंग्लिशमध्ये बोलतात. काल मी डबा घ्यायला गेले तर ते हसत होते."

"हसत होते?"

"मोठ्यांदा."

वर्तमानपत्रांत तेव्हा रोज असल्या बातम्या. परदेशी बाई, एकटा म्हातारा, गोड बोलणं, आणि एक दिवस खातं रिकामं.

"काकू, ते झोपले की त्यांचा फोन बघा. कुणाचा नंबर येतोय ते मला सांगा."

संध्याकाळी काकूंचा फोन. आवाज गोंधळलेला. "अरे प्रसाद, इथे तर तुझंच नाव येतंय. 'प्रसाद जर्मनी'."

आता इथे तरी? इथे तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? पण त्याच महिन्यात ऑफिसमध्ये आम्हाला सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात सांगितलं होतं की ठग लोक दुसऱ्याच्याच नावाने फोन आल्याचं भासवू शकतात. प्रशिक्षण मी फार मन लावून केलं होतं.

"काकू," मी म्हणालो, "हीच त्यांची चलाखी. नाव माझं दाखवतात. तुम्ही नंबर सांगा."

काकूंनी एकेक आकडा वाचला, मी लिहून घेतला. सुरुवातीलाच जर्मनीचा कोड. म्हणजे टोळी इथेच, माझ्या नाकाखाली. तुम्ही म्हणाल, स्वतःचा जुना नंबर ओळखू आला नाही? अहो, स्वतःला कोण फोन करतो? तुमचा चार वर्षांपूर्वीचा नंबर म्हणून दाखवा आत्ता.

केतकी म्हणाली, "आधी बाबांना विचार की सरळ."

"विचारलं तर सावध होतील."

"कोण, बाबा?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पोलीस स्टेशनला गेलो. तिथे चष्मा लावलेल्या एक मध्यमवयीन बाई होत्या. मी जमेल तेवढ्या शुद्ध जर्मनमध्ये सगळं सांगितलं. वृद्ध वडील, अनोळखी स्त्री, माझ्या नावाचा गैरवापर. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग माझं नाव आणि तो नंबर विचारून टाइप केला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"तुमची सायकल सापडली का?" त्या म्हणाल्या.

"कुठली सायकल?"

"रेल्वे स्टेशनबाहेरून चोरीला गेलेली. तुम्ही आमच्याकडे तक्रार दिली होती. त्याला बरीच वर्षं झाली."

"नाही सापडली. पण तिचा इथे काय संबंध?"

"संपर्कासाठी तेव्हा तुम्ही एक नंबर दिला होता." त्यांनी पडदा थोडा माझ्याकडे वळवला. "हा."

खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे सायकलसुद्धा ह्याच टोळीने नेली.

दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तोवर त्या बाई थांबल्या. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "ही व्यक्ती तुम्हीच असाल, तर तक्रार पुढे न्यायची आहे का?"

नको म्हणालो. बाहेर आलो. पाऊस नव्हता, बर्फ नव्हतं, नुसतंच ओलं आणि राखाडी होतं. पार्किंगमध्ये उभा राहून मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला.

"या, बिट्टे?" हो, बोला, अशा अर्थाने एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

मी नाव सांगितलं.

"आ, प्रसाद," ती म्हणाली, ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी. "बरं झालं फोन केलात. तुमच्या वडिलांना वाटतं तुम्ही चिडला आहात, फोन एंगेज लागतो म्हणून."

तिचं नाव इंग्रिड. राहायची शेजारच्याच गावात, गिफहॉर्नला, एकटी. मुलगी दूर म्युनिकला. मुलीनेच तिला हा मोबाइल दोन वर्षांच्या करारावर घेऊन दिला होता, आणि त्याच्याबरोबर जो नंबर आला तो माझा सोडलेला. त्या फोनवर रविवारी मुलीचा फोन यायचा, एरवी तो ओट्यावर गप्प पडलेला असायचा. मग एक दिवस सकाळी तो वाजला आणि ती उचलायच्या आत बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नंबर परदेशातला. तिला वाटलं, कुणीतरी अडचणीत आहे आणि बोलायचं धाडस होत नाही. म्हणून तिने उलट फोन केला.

बाबांनी 'राँग नंबर, सॉरी' म्हटलं होतं. तिने विचारलं, काही मदत हवी आहे का. बाबा म्हणाले, नको, मी फक्त मुलाला कळवत होतो की माझं जेवण झालं. तर ती म्हणाली, अच्छा, काय जेवलात?

झालं. आमच्या बाबांना जेवणाबद्दल विचारलं की अर्धा तास कुठे जात नाही. त्यातून ते केमिस्ट. भाकरी का फुगते इथपासून सुरू करतात.

"आणि मंगळवारी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे," इंग्रिड म्हणाली. "ते घाबरलेत. तुम्ही नुकतेच आलात, नवीन काम आहे, म्हणून तुम्हाला सांगायचं नाही असं म्हणाले होते. पण मी काही त्यांना वचन दिलेलं नाही."

मला माहीत नव्हतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, आणि इतका वाढलेला की मेसेज वाचता येत नव्हता. माझा नवा नंबर त्या फोनमध्ये पडून होता, न उघडलेला.

संध्याकाळी बाबांना फोन केला. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती.

"बाबा, तुम्ही खोटं का सांगितलंत? मिस्ड कॉल दिला म्हणून?"

"खोटं कुठे? जर्मनीलाच देत होतो."

"पण ती कोण आहे हे कळल्यावरही देत राहिलात."

मागे माने काकूंचा कुकर वाजत होता.

"हे बघ," ते म्हणाले, "तुला मिस्ड कॉल दिला की तुला बरं वाटतं. तिला दिला की ती फोन करते."

ह्यावर काही उत्तर तुमच्याकडे आहे का?

ऑपरेशनला मी जाऊ शकलो नाही. रजा मागितली, पण नव्या गिअरबॉक्सच्या चाचण्या त्याच आठवड्यात होत्या. काकू आणि त्यांचा मुलगा घेऊन गेले. पट्टी निघाल्यावर बाबांनी माझा मेसेज वाचला, काकूंकडून नवा नंबर घालून घेतला, 'प्रसाद नवीन' अशा नावाने, आणि मला रोज मिस्ड कॉल येऊ लागला. वेळेवर, एक रिंग. इंग्रिडने मला कॉफीला बोलावलं होतं, पत्ताही दिला होता. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो. वीस मिनिटांचा रस्ता. तुमचंही असंच कुठेतरी जायचं राहिलं असेल.

आणि फेब्रुवारीत एका सकाळी, मीटिंगमध्ये असताना, एक रिंग आली. लगेच दुसरी. मग तिसरी.

मी खुर्ची मागे सारून बाहेर पळालो. पळतापळताच नंबर लावला.

"बाबा! काय झालं?"

"मला काही नाही," बाबा म्हणाले. "इंग्रिडबाई दोन दिवस फोन करत नाहीत. मी लावला तर उचलत नाहीत. तू जाऊन बघून ये."

"मी आत्ता ऑफिसात—"

"प्रसाद," बाबा म्हणाले, "जाऊन बघून ये."

गेलो. घराला कुलूप. वरच्या मजल्यावरच्या बाईने सांगितलं, बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, अँब्युलन्सने नेली. फोन बहुतेक घरातच राहिला असेल.

हॉस्पिटलमध्ये वॉर्डच्या दारातच नर्सने अडवलं. "फक्त नातेवाईक. आपण कोण?"

शेजारी म्हणावं तर नव्हतो. मित्र म्हणावं तर कधी भेटलोच नव्हतो. जर्मन भाषेत खोटं बोलायची मला सवय नाही, व्याकरणातच दम जातो.

"मी त्यांच्या फोन नंबरचा आधीचा मालक," मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दहा मिनिटं."

इंग्रिड माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरी निघाली. उशीत जवळजवळ हरवलेली, केस पांढरे, हाताला सलाइन. मी नाव सांगितलं तर हसायचा प्रयत्न केला. म्युनिकहून मुलगी शनिवारी येणार होती, तोवर कुणी नाही. तिने माझी चौकशी केली नाही, मी कसं शोधून काढलं तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना वाटलं असेल मी कंटाळले."

मी बाबांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन तिच्या उशीजवळ धरला.

"हॅलो? मिसेस इंग्रिड?" बाबांचा आवाज आला. एकसुरी नव्हता, अजिबात नव्हता. "हाउ आर यू? व्हॉट हॅपन्ड?"

ती बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. बाबा पलीकडून "येस, येस, आय नो," म्हणत होते. आई आजारी होती तेव्हाही ते असंच म्हणायचे, मराठीत. मी फोन धरून उभा. कुठे पाहावं ते कळेना म्हणून सलाइनचे थेंब बघत होतो.

मग बाबा मराठीत म्हणाले, "प्रसाद, आहेस का तिथे?"

"आहे, बाबा."

"फोन त्यांच्यापाशी ठेव आणि तू जरा बाहेर थांब."

मी फोन उशीवर टेकवून ठेवला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभा राहिलो. हातात काहीच नाही. माझ्याजवळ फोन नसला की हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही हे मला त्या दिवशी समजलं. आतून इंग्रिडचा आवाज येत होता, मध्येच हसण्याचाही. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

ती मघाचीच नर्स ट्रॉली ढकलत परत आली. आत डोकावली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या तर बोलतायत अजून. तुम्ही भेटायला आला होतात ना?"

"नाही," मी म्हणालो. "माझा फक्त फोन आहे."